सूतभर कललेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तुमच्या घरच्या आरशात माणसे तोंड पाहतात. माझ्यात मात्र सगळे आधी खांदे पाहतात. माझे उभे आयुष्य खांदे पाहण्यात गेले म्हणा ना!

कारखान्यात काचेला चंदेरी पाठ मिळाली आणि एका सुताराने मला लाकडी चौकटीत बसवले. तो सुतार भारी चोखंदळ. चौकटीचे चारही कोपरे काटकोनात बसेपर्यंत तो जेवायला उठला नाही. मग त्याने मला पाय लावले आणि पायांना चाके. उंचीला मी पुरुषभर.

माझी पहिली नोकरी शिंप्याच्या दुकानात होती. शिंपीदादा ओठात टाचण्या धरून गिऱ्हाइकाला माझ्यापुढे उभे करत आणि ओठ न उघडताच पुटपुटत, "खांदा सरळ... हं, आता बघा." नवा कोट अंगावर चढला की साधासुधा माणूससुद्धा किती ऐटीत उभा राहतो, ते मी तिथे पाहिले. रोज सकाळी मऊ फडक्याने शिंपीदादा मला पुसत, कानाकोपऱ्यातली धूळ फुंकरीने काढत. पुढे त्यांच्या बोटांना सुई धरवेना. दुकान बंद झाले. मला ते स्वतः इस्पितळात पोचवायला आले. "इथं लोक खांदे सरळ करायला येतात म्हणे. तुझंच काम आहे," असे म्हणून त्यांनी माझ्यावरून शेवटचे फडके फिरवले. ते फडके मला अजून आठवते.

तेव्हापासून मी या व्यायामाच्या मोठ्या दालनात आहे. मेंदूचे आणि पाठीच्या कण्याचे दुखणे झालेली माणसे इथे येतात. कुणाच्या मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली असते, कुणाच्या कण्याला पडून मार बसलेला असतो. हातपाय जागच्या जागी असतात, पण मेंदूचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तो पोचावा म्हणून इथे धरून चालायच्या दांड्या आहेत, गाद्या आहेत, आणि एक जिना आहे जो चार पायऱ्या चढून पुन्हा चार पायऱ्या उतरतो, कुठेच जात नाही. या सगळ्याचा कारभार पाहतात त्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई. न सांडता तोंडापर्यंत पोचलेला चमचा मी इथे पाहिला आहे. त्या चमच्यासाठी सगळ्या दालनाने टाळ्या वाजवल्या. शिंप्याच्या दुकानात कुणाच्याच कोटाला तशा टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मग भिंतीवर एक मोठा पडदा आला. पेशंट समोर उभा राहिला की त्यात त्याच्यासारखाच हलणारा ठिपक्यांचा माणूस उभा राही. सगळे त्याच्याभोवती जमले आणि मला कोपऱ्यात ढकलले. गरज सरो, वैद्य मरो! इस्पितळातही तेच. माझ्या अंगावर ओले टॉवेल वाळत घातले जाऊ लागले. ओलीने एका चाकाचा स्क्रू गंजला, सैल झाला. कुणाच्या लक्षात आले नाही.

अशात एक दिवस गवंडीकाका आले. सकाळी दाढी करता करता ते डाव्या अंगावर कोसळले होते. अर्ध्या गालाला तेव्हाचा साबण तसाच राहिला होता, असे त्यांच्याबरोबर आलेल्या काकू सांगत. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूचे फोटो पाहिले, गुडघ्यांवर छोटी हातोडी मारून पाहिली, तळव्यावर रेघ ओढून पाहिली. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला होता आणि डावा हातपाय लुळा पडला होता. पण खरी अडचण वेगळीच होती. खाटेवर बसवले की काका डावीकडे कलत, आणि चांगल्या उजव्या हाताने जोर लावून आणखी डावीकडे जात. ताई त्यांना सरळ करू लागल्या की ते ओरडत, "अगं पोरी, पाडतेस काय मला?"

डॉक्टरांनी काकूंना नीट समजावले. "आपण सरळ आहोत की कललोय, हे शरीर आतून सांगत असतं. यांचा मेंदू ते चुकीचं वाचतोय. कललेले असतात तेव्हा यांना सरळ वाटतं, आणि आपण सरळ केलं की पडतोय असं वाटतं. डोळ्यांना मात्र उभं-आडवं बरोबर दिसतंय. त्या डोळ्यांच्या मदतीनं शिकवायचं."

"शिकतील ना?"

"बरेचजण शिकतात. पण पेशंट हट्टी हवा."

"हट्टाची काळजी सोडा," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे तो पोत्यानं आहे."

हट्ट होताच. "घर मी बांधलंय, वीट न् वीट," काका जड जिभेने म्हणत. "सिमेंटच्या गोणीसारखा उचलून त्यात जाणार नाही. जाईन तर पायांनी." पण तोलच कळेना, तर पाऊल टाकायचे कसे?

पडद्यावरचा ठिपक्यांचा माणूस त्यांना मुळीच पटला नाही. "हा किडा म्हणजे मी होय?" मग ताईंना माझी आठवण झाली. त्यांनी टॉवेल काढले, मला पुसले आणि काकांपुढे आणले. काकांनी माझ्यात पाहिले, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा आरसा वाकडा लावलाय."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" काकूंच्या तोंडून निघून गेले. दालन हसले. काका मात्र हसले नाहीत. "जन्मभर भिंती सरळ उभ्या केल्या. मला वाकडं-सरळ कळत नाही?" असे म्हणून त्यांनी तोंड फिरवले आणि त्या दिवशी पुन्हा माझ्याकडे पाहिले नाही.

ताई बराच वेळ माझ्यासमोर उभ्या होत्या. मग त्यांनी काकूंना हळूच विचारले, "काकांचा ओळंबा घरी असेल ना?"

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेला जड लट्टू. भिंत बांधताना गवंडी तो सोडतो. लट्टू स्थिर झाला की दोरी दाखवते तीच खरी उभी रेषा. काकांचा लट्टू पितळी होता, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. ताईंनी तो माझ्या चौकटीच्या मधोमध टांगला. लट्टू झुलला, झुलला आणि थांबला. काका पाहत होते. आधी त्यांनी दोरी आणि माझ्या चौकटीची कड पाहिली. मग दोरी आणि स्वतःचे नाक. मग दोरी आणि सदऱ्याच्या गुंड्यांची रांग.

"आरसा ओळंब्यात आहे," ते फार सावकाश म्हणाले. "म्हणजे... मी नाही."

काकू जवळ सरकल्या. "भिंत कललीय तर! टेकू देऊ का?"

"टेकू नको. सरळ करतो."

मित्रांनो, बोलायला सोपे. सरळ होऊ लागले की काकांच्या सगळ्या अंगाला वाटे, आता कड्यावरून खाली पडणार. घाम फुटे. चांगला हात गादी ढकलू लागे. "अंग म्हणतं पडतोस, दोरी म्हणते सरळ आहेस. ऐकू कुणाचं?" ते विचारत.

"गवंडी कुणाचं ऐकतो?" ताई विचारत.

"दोरीचं."

आणि दात-ओठ खाऊन ते दोरीचे ऐकत. ताई उजवीकडे एकेक वस्तू धरत आणि काका तिकडे झुकून ती घेत, म्हणजे अंगाला त्या बाजूची भीती वाटेनाशी व्हावी. काही दिवस वाईट गेले. एकदा काका घसरले, आणि लट्टूला त्यांनी दिलेल्या शिव्या मी तुम्हाला सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी हजर! बसून झाले, मग दांड्यांमध्ये उभे राहणे झाले. पुढे ताई त्यांना डोळे मिटायला सांगत आणि मग उघडायला. डोळे उघडले की गुंड्यांची रांग दोरीच्या जवळ, आणखी जवळ, आणि एके दिवशी बरोबर दोरीवर. त्या दिवशी ताईंनी ओळंबा काढून काकूंच्या हाती दिला.

काकांना घरी सोडायचे का, हे डॉक्टर ज्या दिवशी ठरवणार होते, त्या सकाळी नेमके विपरीत घडले. सफाईच्या मावशींची ढकलगाडी मला धडकली. तो गंजलेला स्क्रू निसटला आणि मी एका अंगाने खचलो. फार नाही, सूतभर. सूत म्हणजे गवंड्यांच्या मापात इंचाचा आठवा हिस्सा. माझे मला कळले, पण बाकी कुणाला दिसले नाही.

डॉक्टर आले. काका काठी टेकत माझ्यापर्यंत चालत आले आणि थांबले. कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई, हा आरसा कललाय."

काकूंचा हात तोंडावर गेला. ताईंचा चेहरा उतरला. दुखण्याच्या पहिल्या दिवसांतले ते वाक्य कोण विसरेल? डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "काका, खुर्चीत बसा. घरी जायची घाई नको करायला. पुन्हा एकदा तपासू."

मला ओरडून सांगावेसे वाटले, अहो, ते खरे बोलताहेत! पण आरशाला जीभ कुठली? आयुष्यभर दुसऱ्यांची रूपे दाखवली, स्वतःचा वाकडेपणा तेवढा दाखवता आला नाही.

या वेळी काका चिडले नाहीत. "बसतो," ते म्हणाले. "पण डॉक्टर, माझं ऐकू नका आणि तुमच्या डोळ्यांचंही ऐकू नका. ओळंबा सोडा."

काकूंच्या पिशवीत तो होताच. ताईंनी तो माझ्या कडेशी सोडला. लट्टू झुलला. सगळ्यांचे श्वास त्याच्याबरोबर झुलले. मग तो थांबला. वर दोरी कडेला टेकलेली होती, खाली मात्र मध्ये फट.

"सूतभर," काका म्हणाले. "डावीकडे."

डॉक्टरांनी वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि मोठ्याने हसले. "मला नसतं दिसलं, काका!"

ताई डोळे पुसत म्हणाल्या, "आरसा वाकडा निघाल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता."

"अंगणच वाकडं होतं म्हणायचं," काकू म्हणाल्या. "चला आता, नाचायला हरकत नाही."

मावशींनी नवा स्क्रू आणला. तो पिळून होईपर्यंत काकांनी मला धरून ठेवले. उजव्या हातात काठी होती, म्हणून डाव्या हाताने धरले. पकड अजून कच्ची होती, बोटे कापत होती, पण सुटली नाहीत. मग ते दाराकडे वळले. काठी, पाऊल, पाऊल. दारातून बाहेर पडेपर्यंत मी त्यांचे खांदे पाहत होतो. नव्या कोटातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाचे मी इतके मन लावून पाहिले नव्हते.

ओळंबा काका इथेच ठेवून गेले. "पुढच्याला लागेल," म्हणाले. आता तो माझ्या चौकटीला टांगलेला असतो, आणि माझ्यावर कुणी टॉवेल घालत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शेजारात कुणी असे कलू लागले, अडखळू लागले, तर त्याला हसू नका आणि तो म्हणतो ते पहिल्या झटक्यात खोटेही ठरवू नका. त्याच्यापुढे एक दोरी सोडा आणि लट्टू थांबेपर्यंत थांबा. आणि हो, जाता-येता एखाद्या जुन्या आरशाचे स्क्रूही बघत जा. आम्हाला सांगता येत नाही.