रिकाम्या पारड्याचे वाचन

वजनकाट्यांची पारडी पुसायच्या मऊ फडक्याने त्याने टॅबलेटची काच पुसली, मग स्वतःची बोटे पुसली आणि घराच्या चित्रावर तर्जनी टेकवली.

"घरी जायचं," टॅबलेटमधली बाई म्हणाली.

त्याने शेजारच्या पेल्याच्या चित्रावर बोट ठेवले. "पाणी." पुन्हा घरावर. "घरी जायचं." बाईच्या आवाजात आर्जव नव्हते, तक्रारही नव्हती, फलाटावरच्या सूचनेसारखा तो सपाट होता. बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात थबकली.

"दाबलं की बोलतो, एवढं तर आम्हालाही ठाऊक आहे."

"न दाबता बोलतो का, ते बघायचंय."

"ताईंनीच दाबलं काल. मी खोलीतच होते."

"बोट टेकताना पाहिलंस?"

तिने बादली खाली ठेवली. "घड्या घालत होते. आवाज आला म्हणून वळले, तर हात चित्रावर होता."

"म्हणजे पाहिलं नाहीस."

"नावडतं बोलला की काटा खराब, अशीच रीत आहे का हो तुमच्या प्रयोगशाळेत?"

वजनकाटे तपासण्याच्या नोकरीत त्याचे केस पिकले होते, आणि सहकारी त्याला माघारी 'शंकासुर' म्हणत, हेही त्याला माहीत होते. त्यात त्याला अपमान वाटत नसे. शंका हे त्याचे काम होते, आणि काम तो चोख करी.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळत सगळे होते, असे डॉक्टरांचे म्हणणे; ते कशावरून, हे त्याने विचारले तेव्हा डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले होते. तेव्हापासून ती त्याच्याकडे होती. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांचा टॅबलेट सुचवला: चित्रावर बोट ठेवायचे, शब्द तो बोलेल. नवाच हवा असे नाही, त्या म्हणाल्या होत्या, आणि तो बाजारात गेला होता. दुकानदार मालाला 'रिफर्बिश्ड' म्हणत होता आणि कुणी जुना म्हटले की दुखावत होता.

"अगदी नव्यासारखा आहे, साहेब."

"नव्यासारखा म्हणजे नवा नव्हे," तो म्हणाला होता, आणि तरी त्याने तो घेतला होता. खोक्यात चार्जर नव्हता. दुकानदाराने खणात हात घालून हाताला लागला तो दिला.

चित्रे त्याने स्वतः मांडली. ताईचा डावा हात चालत होता, म्हणून गरजेच्या गोष्टी डावीकडे: पाणी, दुखतंय, घर, नको. उजव्या खालच्या कोपऱ्यात, हात सहसा जाणार नाही अशा ठिकाणी, हसरा चेहरा: "बरं आहे." आणि गंमत अशी, की संध्याकाळी तो कामावरून येऊन तिच्यापाशी बसला की नेमका तोच शब्द यायचा. तो विचारायचा, "कशी आहेस, ताई?" आणि खिडकीबाहेर बघत थांबायचा. तिला वेळ लागतो, घाई करू नका, असे वाचा-उपचाराच्या बाईंनी बजावले होते. आणि ती चाचपडत असताना तिच्या हाताकडे पाहायचे नाही, हा नियम त्याने स्वतः घातला होता, तिला ओशाळवाणे वाटू नये म्हणून. थोड्या वेळाने आवाज यायचा: "बरं आहे." मग तो निश्चिंत मनाने जेवायला उठायचा.

याच बळावर त्याने ताईच्या स्वतःच्या घराच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे ठरवले होते. खोल्या वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, एका हाताने चूल-भांडे होणार कसे. हिशेब सरळ होता. उद्या सकाळी भाडेकरू किल्ली न्यायला यायचे होते. आणि काल दुपारी, बायको म्हणत होती त्यावर विश्वास ठेवायचा तर, ताईने घराच्या चित्रावर हात ठेवला होता. परवाही ठेवला होता.

"मी हा कामावर नेतो. दिवसभर तपासतो," तो म्हणाला.

"आणि दिवसभर ताईंनी बोलायचं कशानं?"

हा मुद्दा योग्य होता. त्याने टॅबलेट आणि चार्जर पिशवीत घातले आणि ताईच्या खोलीत न डोकावता तो बाहेर पडला.

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या कुठल्याही काट्यावर तो आधी काहीच ठेवत नसे. पारडे रिकामे ठेवून काटा काय दाखवतो ते पाहायचे. काहीही नसताना जो काहीतरी सांगतो, त्याचे पुढचे सगळे सांगणे संशयास्पद. हे तो शिकाऊ मुलींना वर्षानुवर्षे सांगत आला होता. टॅबलेटचे रिकाम्या पारड्याचे वाचन मात्र त्याने कधी घेतले नव्हते. घरी आणला, चित्रे मांडली आणि ताईच्या हातात दिला. हे कसे सुटले, हे दगडी टेबलावर तो ठेवताना त्याच्या लक्षात आले, आणि त्याने टेबल उगाचच पुन्हा पुसले.

टॅबलेट गप्प राहिला. टेबल हलवले, पंखा लावला, बंद केला, काचेवर ओलसर फुंकर मारली. घर बोलले नाही. काहीच बोलले नाही. दुपारी भांडारपाल डोकावला. त्याला मुलीच्या अभ्यासासाठी असलाच एक स्वस्तातला घ्यायचा होता, आणि शंकासुराने पास केलेली वस्तू डोळे झाकून घ्यावी, असे त्याचे धोरण होते.

"काय, घेण्यासारखा आहे का?"

"अजून सांगता येत नाही."

"तुम्हाला लग्नाआधीही सांगता आलं नसेल."

बॅटरी उतरत आली होती. त्याने पिशवीतून चार्जर काढला, टॅबलेटला जोडला आणि हात मागे घेतला. दोघे भांडारातल्या नव्या कुलपाविषयी बोलत राहिले.

"बरं आहे," टॅबलेट म्हणाला.

भांडारपाल हसला. "घ्या, स्वतःच सर्टिफिकेट देतोय. घेतो मग मी."

"थांबा जरा."

थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "बरं आहे." मग पुन्हा. वायर काढली की गप्प. लावली की, थोड्या वेळाने का होईना, तेच. भांडारपाल कंटाळून निघून गेला. तो एकटा टेबलापाशी उभा राहिला. कारण सोपे होते, शिकाऊ मुलीनेही सांगितले असते. हलक्या चार्जरमधून थोडी वीज गळते. काच बोट ओळखते ते विजेतल्या बारीकशा फरकावरून. तो फरक बोटाने केला की चार्जरने, तिला सारखेच. आणि ही काच उजव्या खालच्या कोपऱ्यात अधू होती. प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ होईपर्यंत तो पाहत राहिला. त्या कोपऱ्याखेरीज एकही चित्र आपणहून बोलले नाही. घर तर नाहीच.

ताईचा टॅबलेट दिवसा वायरीशिवाय गादीवर असे; त्याला चार्जर जोडला जाई तो संध्याकाळी, नेमका तो घरी येऊन तिच्यापाशी बसायच्या सुमाराला.

घरी आल्यावर त्याने चार्जर सवयीने ताईच्या उशाशी भिंतीत खोचला. वायरीचे टोक मात्र गादीच्या कडेवर सोडून दिले. टॅबलेट तिच्या डाव्या हाताशी ठेवला. बॅटरी पूर्ण भरलेली होती. काचेच्या माथ्यावर तसे स्पष्ट दिसत होते. ताईने त्याच्याकडे पाहिले. दिवसभर जीभच उचलून नेल्याचा राग त्या नजरेत होता की नाही, ते त्याला ठरवता आले नाही.

"कशी आहेस, ताई?"

या वेळी त्याने खिडकीकडे पाहिले नाही. तो तिच्या हाताकडे पाहत राहिला. हात चादरीवर पडून होता. ताई काचेकडे बघत होती, उजव्या कोपऱ्याकडे. तीही कशाची तरी वाट पाहत होती, असे त्याला वाटले, आणि असे वाटायला आधार काय, हेही त्याने लगेच स्वतःला विचारले. खोली शांत होती.

मग तिचा हात उठला. काचेवर आला, पाण्यावरून, घरावरून, कुठेही न टेकता पुढे सरकला आणि गादीची कड चाचपू लागला. वायरीचे टोक तिला सापडले. तिने ते टॅबलेटकडे आणले आणि पिन आत बसवायची खटपट सुरू केली. पिन घसरली. तिने पुन्हा धरली.

तो खुर्चीत पुढे झुकला. बॅटरी भरल्याचे तिला चष्म्याशिवाय दिसले नसेल. संध्याकाळी वायर लावतात, एवढी नुसती सवय असेल. किंवा मग तिला सगळे पहिल्यापासून कळले असेल, आणि रोज संध्याकाळी, तो खिडकीबाहेर बघत असताना, हात चादरीखाली ठेवून तिने त्याला हवे ते उत्तर मिळू दिले असेल. तिन्ही शक्यता त्या हालचालीशी सारख्याच जुळत होत्या. चौथीही असू शकली असती.

"काय म्हणाल्या?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारले.

"काही नाही."

"बरं आहे म्हणाल्या असतील. तुमच्याशी तेवढंच बोलतात त्या."

त्याने पिनेवरची नजर काढली नाही. "उद्याच्या त्या लोकांना फोन कर. किल्लीसाठी येऊ नका म्हणावं. सध्या थांबा."

"अहो, ठरलेलं मोडायचं? कारण काय सांगू?"

पिन पुन्हा घसरली. ताईने मान वर केली, आणि ती त्याच्याकडे बघत होती की त्याच्या मागच्या दिव्याकडे, हेही त्याला नेमके सांगता आले नसते. त्याने टॅबलेट दोन्ही हातांत घेतला, तिच्या बाजूला किंचित वळवला आणि हलू न देता धरून ठेवला. पिन आत बसली. ताईने हात काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला.

मग दोघेही काचेच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत बसले.