मोगरतळ्याचा गारठा

"जगातल्या सगळ्या थोर संस्कृती पाण्याच्या काठी जन्माला आल्या," जोसेफ वाकरूळकर कपाटाच्या आरशासमोर एक हात उंचावून म्हणाले. "नाईल, युफ्रेटिस आणि पनवेलचं मोगरतळं."

"बनियन उलटं हाय," दारातून आवाज आला.

शेजारची दमयंती कोळीण आत आली, तिने गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. हे दर शनिवारी होई. ज्यू माणसाने शनिवारी विस्तव पेटवायचा नसतो. दुसऱ्याला 'पेटव' असं सांगायचंही नसतं. दुसऱ्याला ते आपलं आपण सुचावं लागतं. जोसेफची आई त्यासाठी दारात उभी राहून नुसतं म्हणायची, "आज गारठा आहे, नाही का वेणू?" वेणू म्हणजे दमयंतीची आई. भर मे महिन्यात, घामाने निथळत तिने हे वाक्य ऐकलं आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता चूल पेटवून दिली. दोघी गेल्या. गारठा मात्र पुढच्या पिढीत चालू राहिला.

जोसेफची सगळी नोकरी विजेच्या ऑफिसात झाली, पण शनिवारी त्यांनी बटणाला कधी बोट लावलं नाही. दुसऱ्याने लावलेल्या टीव्हीवर क्रिकेट पाहायला मात्र हरकत नसे. त्याविरुद्ध कुठे काही लिहिलेलं नाही, असं ते छातीठोक सांगत.

आजचा शनिवार मोठा होता. मोगरतळ्याचं सुशोभन झालं होतं. कठडे आले होते, दिवे आले होते, आणि मधोमध एक कारंजं आलं होतं, ज्याचा आवाज पाण्यापेक्षा पंपाचाच जास्त. आता काठावर तळ्याच्या इतिहासाची पाटी लागायची होती. सुशोभन समितीची समृद्धी नावाची हुशार मुलगी घरी येऊन सांगून गेली होती, की संध्याकाळी जुने रहिवासी जे बोलतील, तेच पाटीवर येईल. वार शनिवार, कारण रविवारी समितीचे अध्यक्ष उदयसिंह यांना उरणला हळदीला जायचं होतं, आणि हळद पुढे ढकलण्याची ताकद अजून कुठल्या समितीत नाही.

या पाटीवर जोसेफचं सगळं अडलं होतं. एके काळी तळ्याच्या उत्तरेला ओळीने त्यांच्या बेने इस्रायल लोकांची घरं होती. एकेक कुटुंब इस्रायलला गेलं. बायको रुथ गेली, ती त्याहून लांब. मुलगी अयाला तिथल्याच अश्दोद शहरातून रोज विचारायची, "बाबा, तिकीट काढू ना?" आणि ते म्हणायचे, "पाटीवर आपलं नाव लागू दे, मग काढ." आपण उठून गेल्यावर इथे आपण होतो हे सांगायला निदान एक लोखंडी पत्रा तरी उरावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी आधी उदयसिंह बोलले. हे तळं एका राजाने आपल्या हत्तीच्या आंघोळीसाठी खोदलं, असं त्यांनी सांगितलं. कोणता राजा, यावर संशोधन चालू होतं. मग जोसेफचं नाव पुकारलं गेलं. समृद्धीने माईक पुढे केला. जोसेफनी दोन्ही हात खिशात घातले.

शनिवार आहे, ते म्हणाले. मी धरते, समृद्धी म्हणाली. पण विजेच्या यंत्रात आवाज माझाच जाणार ना, असा त्यांचा मुद्दा होता.

ते माईकशिवाय बोलू लागले. पहिल्या रांगेला त्यांच्या मिशा हलताना दिसल्या. बाकी कारंजं बोलत होतं. ते बंद करायला सांगावं, तर तेही बटणच.

समृद्धी जवळ आली. "काका, काहीच ऐकू येत नाहीये. पाटीवर मग हत्तीचंच घेऊ का?"

जोसेफनी एकवार तळ्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या रांगेत बसलेल्या दमयंतीकडे.

"आज गारठा आहे," ते म्हणाले.

ऐकू तिलाही आलं नाही, पण ओठ ओळखीचे होते. दमयंती उठली, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मासळी बाजारात कमावलेल्या गळ्याला माईक लागत नाही. "बोला तुमी," ती म्हणाली. "मी फुडं देते."

जोसेफ म्हणाले, "आमचे पूर्वज जहाज फुटून कोकण किनाऱ्याला लागले, असे आम्ही मानतो."

"यांची होडी फुटली," दमयंती गरजली. "आमच्या लोकांनी वर काढलं."

भाषणात हे नव्हतं. पण चारचौघांत नाही म्हणणंही कठीण होतं.

"त्यांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला."

"तेल काढायचे. शनवारी घाना बंद. आमची मासली यांच्याच तेलात तलायची."

"धर्माने बिनखवल्याची मासळी त्यांना वर्ज्य."

"कोलंबी खात नाय, खेकडा खात नाय. असलं गिऱ्हाईक देवानं आमच्याच शेजारी दिलं."

लोक हसले. मागचे पुढे सरकले. समृद्धी भराभर लिहू लागली.

"तळ्याचा घाट माझ्या आजोबांनी बांधला," जोसेफ म्हणाले.

दमयंतीने हे पुढे दिलं नाही.

"दमयंती?"

"माझ्या आज्यानं बांधला तो."

मोगरतळ्याच्या इतिहासातला एकमेव वादग्रस्त मुद्दा असा ऐन सभेत उभा राहिला. जोसेफना आजोबांचा फोटो आठवला. त्यातले आजोबांचे हात फार मऊ होते. शेवटी दमयंतीनेच मिटवलं. "दगूड यांचं," ती गरजली, "हात आमचं."

शेवटचं वाक्य राहिलं होतं. आरशासमोर ते नेहमी खणखणीत यायचं. आता ते कारंजं नसतं तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. "त्या समाजाचं इथे आता एकच घर उरलं आहे."

दमयंतीने त्यांच्याकडे पाहिलं, मग लोकांकडे.

"यांचं घर चालू हाय," ती ओरडली. "शनवारी सकाली या, चा मिलंल."

पाटीचा मसुदा समृद्धीने तिथेच वाचून दाखवला. बेने इस्रायल आले, कोळी आले, घाटाचे दगड आणि हात आले. अध्यक्षांच्या आग्रहाने हत्तीला शेवटची ओळ मिळाली.

दोघं परत येऊन जोसेफच्या पायरीवर बसली. आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपतो. पण तळ्यावरच्या नव्या दिव्यांपुढे एकही तारा दिसेना. सुशोभनामुळे शनिवार लांबत चालला होता.

"आता अयालाचा फोन येल," दमयंती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पाटी झाली. आता तुमी जाल."

जोसेफ तळ्याकडे बघत म्हणाले,

"मागे तिच्याकडे गेलो होतो ना, तेव्हा एका शनिवारी तिला म्हटलं, आज गारठा आहे."

"मंग?"

"तिने स्वेटर आणून दिला."

दमयंती हसली नाही. घरात कपाटावरचा फोन वाजला, वाजत राहिला आणि थांबला. कोणीच उठलं नाही.

"आज गारठा आहे," जोसेफ म्हणाले.

तिने स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्यापायी घसा बसलाय माजा. आज नीट त्वांडानं सांगा."

जोसेफनी आकाशात शेवटचं एकदा पाहून घेतलं. मग, दोन पिढ्यांत त्या पायरीवर कोणी न उच्चारलेलं वाक्य त्यांनी घसा साफ करून उच्चारलं.

"दमयंती, तेवढा गॅस पेटव गं. आणि आलं जरा जास्त टाक."