अंगठ्याएवढी ऊब

थकवा! — हा शब्द तुमचा आहे, आमचा नाही. बारा पाठींनी तुमच्या तोंडावर जे सांगितलं ते तुम्ही एका शब्दात पुसून टाकलंत, आणि वर तो शब्द आम्हा चौघांच्या हातांच्या नावावर मांडलात... हे सगळं ती मनातच बोलत होती. तिच्या तळहातावर पेन होतं. बोटभर लांबीचं, पांढरं, टोपण चावून चावून चपटं झालेलं. त्याने कागदावर रेघ ओढली तर काहीच दिसत नाही. जांभळ्या दिव्याखाली धरलं की मगच निळसर खूण उमटते. सकाळपासून ती ते या हातातून त्या हातात घेत होती, आणि ज्यांना हे सगळं ऐकवायचं होतं त्या संशोधन समितीचं पत्र समोर टेबलावर अगदी सोज्वळपणे पडलं होतं.

पत्र दोन ओळींचं. ‘शेवटच्या दिवसाच्या बारा नोंदी तपासकांच्या थकव्यामुळे वगळण्यात आल्या आहेत. सोबतच्या पानावर आज पाचपर्यंत सही करावी.’ खाली कुणाचंच नाव नाही, नुसता शिक्का. शिक्क्याला काय, तो थकत नाही.

सही केली की निबंध छापला जाणार. छापला की महाविद्यालयाला पदव्युत्तर वर्ग मिळणार, आणि त्या वर्गाची प्रमुख कोण, तर तीच. दाराची पाटीसुद्धा करायला टाकली आहे म्हणे. सही नाही केली तर... तर काय? बावीस वर्षं ती इथे ऑस्टिओपॅथी शिकवत होती. सुई नाही, गोळी नाही, यंत्र नाही; नुसत्या हातांचा उपचार. माणूस पालथा झोपतो, तोंड टेबलाच्या भोकात, आणि तुम्ही कण्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे हळूहळू खाली उतरवत नेता — कुठला मणका मोकळा हलतो, कुठला अडून बसलाय. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती वहीच्या पानाखाली केस ठेवून तो बोटाने शोधायला लावायची. मग दोन पानांखाली, मग पाच. ती स्वतः सतराव्या पानाखालचा केस सांगायची, आणि वर्ग हे असा आ वासून बघायचा. त्या आ वासण्यावर आपण जगत आलो का? — हा प्रश्न तिने तिथेच दाबून ठेवला. आधी तुमचं बघू, मग माझं.

संशोधनाचा प्रश्न साधा होता. एकच पाठ चौघांनी तपासली तर चौघांचे अंगठे एकाच मणक्यावर थांबतात का? चार खोल्या, चार तपासक, पाच दिवस, रोज बारा माणसं, प्रत्येक जण एकामागून एक चारही खोल्यांत जाणार. प्रत्येकाने अडलेला मणका शोधायचा आणि या न दिसणाऱ्या शाईचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढच्याला आधीच्याची खूण कळायला नको. पेनाची शक्कल तिचीच. तेव्हा समितीने केवढी पाठ थोपटली होती तिची! पहिल्या चार दिवसांत अठ्ठेचाळीसपैकी एकोणचाळीस पाठींवर चौघांचे ठिपके जांभळ्या उजेडात एकाशेजारी एक, एखाद्या घरच्या फोटोतल्या भावंडांसारखे. चहा झाला. टाळ्या झाल्या. कुणीतरी तिच्या हाताचा फोटोसुद्धा काढला.

आणि त्याच चौथ्या दिवशी, शेवटच्या माणसाच्या पाठीवर, तिचा अंगठा थांबला होता. सापडला, असं मन म्हणालं. नेहमीसारखंच; हे सापडणं तिला आतून माहीत होतं, अंधारात घरच्या दिव्याचं बटण सापडावं तसं. पण त्या दिवशी अंगठा जरा जास्तच नीट बसला. जुन्या चपलेत पाय बसावा तसा. तिथली कातडी किंचित कोमट होती, किंचित ताठ, आणि ती ऊब... अंगठ्याएवढी होती. बरोब्बर अंगठ्याएवढी. दोन मिनिटांपूर्वी शेजारच्या खोलीत ज्या तपासकाने दाबलं होतं, त्याच्या अंगठ्याची. मला मणका सापडला नव्हता. मला माझ्या आधीचा माणूस सापडला होता.

ती तशीच हात ठेवून उभी राहिली. पालथा पडलेला माणूस भोकातून म्हणाला, "बाई, काही सीरियस आहे का?"

"तुम्हाला नाही," ती म्हणाली.

डोळ्यांनी काम करणाऱ्या कुणाला ही चूक करताच आली नसती. ही फक्त आम्हालाच जमावी. बोटांनी वाचणारी माणसं आम्ही, आणि आम्ही खूण लपवली कुणापासून, तर डोळ्यांपासून! शाई झाकली आणि ऊब उघडी टाकली. ती घरी जाऊन हसली होती, एकटीच, भांडी घासता घासता, आणि मग हसणं बंद पडलं होतं.

पाचव्या दिवशी तिने बाकीच्या तिघांना सगळं सांगून दोन खोल्यांच्या मध्ये बाक टाकला. चाळीस मिनिटं बसा, कातडी निवू द्या, मग पुढे. बारापैकी तीन. फक्त तीन पाठींवर ठिपके जुळले. बाकीच्यांवर हे इकडे, ते तिकडे, भांडून घर सोडल्यासारखे. आणि सातव्या नंबरचा माणूस तिने मुद्दाम दुपारी पुन्हा आपल्याच टेबलावर, केव्हा येणार ते आपल्याला न सांगता, पाठवायला लावला होता. तिचे स्वतःचेच दोन ठिपके. मध्ये तीन बोटांचं अंतर. ते अंतर तिने स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिलं. अक्षर वळणदार, ओळ सरळ. थकलेला हात असं लिहितो का हो?

बाराच्या सुमाराला विभागप्रमुख आले. एके काळचा तिचाच विद्यार्थी. केस शोधता शोधता वहीचं पान फाडणारा. आता सगळे त्याला ‘सर’ म्हणतात, तो मात्र अजून तिला ताई म्हणतो आणि खुर्ची ओढून न घेता उभाच राहतो.

"ताई, झाली का सही?"

"थकवा कुणी मोजला रे?"

"असं काय करता... शेवटचा दिवस होता, सगळेच दमले होते."

"मी विचारतेय, मोजला कुणी? कशाने? चौथ्या दिवशी सायंकाळपर्यंत आम्ही ताजेतवाने, आणि पाचव्या दिवशी सकाळी नऊलाच गळपटलो?"

त्याने खिडकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "आणि चाळीस मिनिटं बाकावर बसवलं की पाठ बदलतेच ना ताई. स्नायू सैल पडतात. तुम्हीच शिकवलंत."

शहाणा आहे. पान फाडायचा, पण शहाणा. तिला क्षणभर त्याचा अभिमानच वाटला, आणि मग संताप आणखी सणकून आला.

"बरं. मग जी पाठ चाळीस मिनिटांत बदलते, तिच्यावर आपण तीन तीन महिन्यांचे उपचार लिहून देतो ते कशाच्या जोरावर?"

"तुम्ही चिडलाय."

"चिडलेय. थकले नाही. दोन्हींतला फरक तुला कळत नसेल तर नाडी बघ." तिने मनगट पुढे केलं. त्याने खरंच दोन बोटं टेकवली, सवयीने. आणि दोघांनाही हसू फुटलं.

"समितीला काय सांगू?" जाताना त्याने विचारलं. "नवा वर्ग जाईल, ताई. चाळीस मुलांच्या जागा आहेत."

"मग चाळीस जणांना खोटं शिकवायचं?"

तो दार हळू लावून गेला.

...बाबा लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, कामाला होते. कारखान्यातून आले की हातांना तेलाचा वास, आणि अंगठा असा की काचेवरचा ओरखडाही सांगेल. एकदा सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन गेले होते. चकचकीत दांडा फिरवून फिरवून अंगठ्याने चाचपला, म्हणाले, "इथे जाड आहे. केसभर." आणि लगेच खिशातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला. तिला राग आला होता. "तुम्हाला कळलं ना बाबा, मग मोजता कशाला?" बाबा हसले. "अगं, मला कळलं ते मला कळलं. दांड्याला कुठे माहितीये?" मोजलं. चुकले होते, जाड जागा चार बोटं पुढे होती. बाबांचा चेहरा पडेल म्हणून ती धास्तावली, आणि बाबा तर शीळ घालत दांडा पुन्हा बसवायला लागले. चुकलेला माणूस इतका निवांत असू शकतो? त्या वेळी तिला ते वेंधळेपण वाटलं होतं. आज चाळीस वर्षांनी, हे पांढरं पेन हातात घेऊन बसली असताना, तिला त्या शिळेची चाल आठवत होती.

तीन वाजता शिंपीणबाई आल्या. सात वर्षांपासूनची जुनी पेशंट. दिवसभर मशीनवर मान घालून बसतात, महिन्याकाठी मान अडते.

"या बाजूला वळतच नाही बघा. नवरा उजवीकडे बसतो, त्यामुळे घरात शांतता आहे, पण गिऱ्हाईक डावीकडून येतं ना!"

तिने मानेवर अंगठे ठेवले. एरवी याच वेळी ती म्हणायची, हा बघा, हा अडलाय, आणि बाई म्हणायच्या, अगदी तिथेच! आज अंगठा खाली उतरला, एका जागी रेंगाळला, मन म्हणालं सापडला — आणि तिने अंगठा उचलला. मग म्हणाली, "खरं सांगू का? नक्की कुठे अडलंय ते मला कळत नाहीये."

"अगं बाई! मग सात वर्षं कुठे हात लावत होतात?"

"तेच शोधतेय."

"शोधा शोधा," बाई टेबलाच्या भोकातून म्हणाल्या. "आम्ही तरी काय करतो? ब्लाऊज काखेत ओढतो म्हणून येतात. चूक काखेत नसतेच कधी. कधी खांद्याला असते, कधी बाईच्या उभं राहण्यात असते. पण उसवून बघितल्याशिवाय मी नाही सांगत. उगाच कशाला छातीठोक बोला!"

ती काम करत राहिली. नेहमीचेच हात, नेहमीचाच हळू दाब, श्वासाबरोबर जरा ओढ, जरा ढील. फक्त आज त्याच्यावर कुठल्याच मणक्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी बाई उठून बसल्या, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि पुन्हा डावीकडे, पार खांद्यापलीकडे.

"फिरली की! सापडली का जागा?"

"नाही."

"न सापडताच?" बाई खुर्चीवरची पिशवी उचलत खदखदून हसल्या. "मग पुढच्या वेळीही सापडू देऊ नका."

दार लागलं, आणि ती आपल्या हातांकडे बघत बसली. विचित्र होतं. भीती वाटायला हवी होती. बावीस वर्षांची पाटी पुसली जात होती म्हणा ना. त्याऐवजी छातीत कुठेतरी मोकळं झालं होतं. हे हात चुकतात. ठीक. आणि या हातांखाली मान फिरते. तेही ठीक, ती आत्ता माझ्या डोळ्यांदेखत फिरली. मग फिरवलं कशाने? अंगठ्याने? उबेने? त्या पंधरा मिनिटं पडून राहण्याने? की ‘मला कळत नाही’ असं कुणीतरी खरं बोललं, त्याने? सकाळपासून ती एकच विचारत होती, खोटं कोण बोललं. त्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा होता. आणि तो तिचा होता. समितीच्या बापाचा नव्हता.

पावणेपाच. सहीचं पान पुढे ओढलं. हातात तेच पांढरं पेन होतं, आणि एक खट्याळ विचार येऊन गेला — याच पेनाने करावी सही, बसा म्हणावं जांभळा दिवा लावून शोधत! नको. आता जे लिहायचं ते दिसेल असं. तिने ते पेन ड्रॉवरमध्ये टाकलं, साधं निळं बॉलपेन घेतलं, आणि सहीच्या जागेवर, रेघ ओलांडून, समासात शिरून लिहायला लागली. हात मुळीच थकलेला नव्हता. ती हलकेच शीळ घालत होती, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

‘वगळलेल्या बारा नोंदी निबंधात परत घाला. त्यातली सातवी माझ्या चुकीची आहे, ती सगळ्यांत आधी छापा. पुढचा अभ्यास कातडी निवल्यावर होईल, तो मी करीन, वर्ग मिळो न मिळो. तोवर एवढं सांगा: आमचे अंगठे चुकीच्या जागी होते, तरी आज तीन वाजता एका बाईची मान फिरली, ती कशाने? मला माहीत नाही, मी तसं लिहून देते आहे. तुम्हाला माहीत आहे का? असेल तर सांगा, नसेल तर तसं लिहून द्या. शिक्का नको. खाली नाव घालून उत्तर द्या.’