प्रश्न विचारण्याचा अधिकार

कामगारांनी निवडून दिलेली समिती हवीच, असं बाहेरच्या ऑडिटवाल्यांनी कंपनीला बजावलं आणि मॅनेजरच्या कपाळावर आठ्या चढल्या. एचआरमधला चार्ल्स मात्र खुशीत आला. वसईच्या कॉलेजात इतिहास घेऊन बीए झालेला गडी. इथे कतारला, दोह्यात, इतक्या वर्षांत त्या डिग्रीला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. इंग्रजांनी हे शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवलंय, तो मॅनेजरला म्हणाला. लोकांना कौन्सिल द्यायचं, सत्ता द्यायची नाही.

मग त्याने नियम केले, आणि काय नियम केले! निवडून आलेले चार, कंपनीने नेमलेले सहा. मत फक्त जुन्या कामगारांना. प्रत्येक भाषेच्या लोकांनी आपला माणूस वेगळा निवडायचा, त्याने बोलायचं तेही त्यांच्यापुरतंच. बैठकीत एक प्रश्न विचारायचा, उत्तरावर उलटून बोलायचं नाही. नात्यातल्या माणसाचा विषय काढायचा नाही. मॅनेजर बेहद्द खूश झाला.

मराठी लोकांनी परभणीकडचा वेल्डर केरबा बिनविरोध निवडला. गुलाल मिळेना म्हणून कॅम्पात हळद उधळली, एशियन टाउनच्या बाजारातून पेढे आणले. केरबा बिचारा मनापासून प्रतिनिधी झाला. रास लफानच्या साइटवर जाणाऱ्या आमच्या बसचा एसी बंद आहे, तो कधी दुरुस्त होणार, असं त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं. नोंद घेतली, चार्ल्स म्हणाला. पुढच्या बैठकीत केरबाने तेच विचारलं, चार्ल्सनेही तेच सांगितलं.

ऑगस्टात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, त्याच बसमध्ये केरबाचा धाकटा भाऊ रामेश्वर भोवळ येऊन पडला, तो उठलाच नाही. हृदयाचं जुनं दुखणं, असं कंपनीने लिहून टाकलं. म्हणजे मरण कामामुळे नव्हे, आणि त्याच्या बायकोला, संजीवनीला, भरपाईची फुटकी कवडीही मिळणार नव्हती. मयत गावी गेली. केरबाला रजा मिळाली नाही. त्याने कॅम्पातच डोकं भादरून घेतलं आणि तसाच बैठकीला आला. बसचा एसी बंद होता, एवढं लिहून द्या, असं तो हिंदीत म्हणाला.

चार्ल्सला लाज वाटली, खरंच वाटली. दोन्ही वेळा नोंद त्यानेच घेतली होती. पण मॅनेजरने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि ती लाज कुठल्या कुठे पळाली. नात्यातला विषय नियमात बसत नाही, चार्ल्स म्हणाला.

शेजारचा नेपाळी सदस्य उठला, मी विचारतो म्हणाला. चार्ल्सने त्यालाही खाली बसवलं. रामेश्वर नेपाळी नव्हता.

मग केरबाने गळ्यातलं समितीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि हिंदी सोडून थेट मराठीत आला. "म्या राजीनामा देतो, सायेब. आता म्या नुसता त्याचा भाऊ हाय. आता तरी सांगा, एसी बंद व्हता का न्हाई?"

चार्ल्सने हे काही आधी योजलं नव्हतं. पण उत्तर शोधावंही लागलं नाही.

"केरबा, इथे प्रश्न फक्त सदस्यच विचारू शकतो. तू बाहेर जा."

केरबा गेल्यावर मॅनेजरने ते कार्ड चार्ल्सकडे सरकवलं आणि मराठी लोकांची पोटनिवडणूक कधी घ्यायची, एवढंच विचारलं.