रुसलेल्या नवऱ्याची नोंद

बेकरीतला भट्टीवाला परदेशी होता. इथल्या मुलीशी लग्न करून आला, तिच्याच घरी राहिला आणि कितीतरी वर्षं पाव भाजून त्यानं या देशाची न्याहारी सांभाळली. देशानंही जाण ठेवली. दर वर्षी नोंदणी कार्यालयात बोलावून, हाताचे ठसे घेऊन, "अजून इथंच आहात का?" अशी त्याची आपुलकीनं चौकशी होई.

एका सुट्टीच्या सकाळी नवराबायकोचं वाजलं. न विचारता त्यानं स्वयंपाकघरातलं कपाट दुसऱ्या भिंतीला हलवलं होतं. ती भडकली. "तुझ्या देशात चालत असेल असलं. हे माझं घर आहे!"

कपाटावरून त्यानं काहीही ऐकून घेतलं असतं. हे मात्र जिव्हारी लागलं. उशी काखोटीला मारून तो बेकरीच्या माळ्यावर, मैद्याच्या पोत्यांशेजारी राहायला गेला.

दुसरा कुणी गपगुमान रुसून बसला असता. हा पडला सरळमार्गी. परदेशी माणसानं पत्ता बदलला की लगेच कळवायचं, असा नियम होता. तो आपल्या पायांनी कार्यालयात गेला.

खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला. "बायकोच्या नात्यावर राहायची परवानगी, आणि राहता पोत्यांजवळ?"

"थोडं भांडण झालंय."

"भांडणाची सोय नाही आमच्याकडे. एकतर घरी जा, नाहीतर घरी जा."

"म्हणजे?"

"पहिलं घर बायकोचं. दुसरं, तुम्ही जिथून आलात ते. विमानाचं तिकीट तुमचं तुम्ही काढायचं."

इतका सोयीस्कर पर्याय मिळूनही तो खिडकीपासून हलला नाही. बाईंनी बायकोला फोन लावून बोलावून घेतलं. ती कामावरून तशीच धावत आली. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"हे तुमच्यासोबत राहतात?"

"सध्या नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा मैद्यासारखा झाला.

"मग 'राहत नाहीत' लिहू?"

"रुसलाय तो. रुसल्याचा रकाना नाही का?"

बाईंनी खरोखरच शोधला. "'राहतात', 'राहत नाहीत' आणि 'मयत'. एवढंच आहे."

"मग 'राहतात' लिहा. तिसऱ्याचं मी घरी गेल्यावर बघते."

शिक्का बसला. सरकारनं एक संसार वाचवला होता, त्यामुळे बाई लगेच चहाला गेल्या.

बाहेर पायऱ्यांवर तो थांबला. "हाकलतील या भीतीनं मी परत येतोय, असं समजू नकोस."

"मग कशानं येतोयस?"

त्यानं शिक्क्याचा कागद घडी करून खिशात घातला. तीच हळू आवाजात म्हणाली, "फोन आला तेव्हा वाटलं, आता नेतातच तुला. त्यांनी विचारलं तेव्हाही खोडी काढायची सवय काही गेली नाही माझी." मग रस्त्याकडे बघत, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. घर दोघांचं आहे."

"हे लिहून देशील?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत त्याला कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवयच उरली नव्हती.

"फटका देईन एक," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीवरचा मैदा झटकायला लागली. तो उभा राहिला, सगळा झटकून होईपर्यंत.