काळी बाथरूम

"काळ्या फरशा?" मी म्हटलं. "बाथरूम करतेस की भुयार?"

सूनबाई हसली नाही. सासूच्या विनोदांवर हसायचा मला पगार मिळत नाही, असं ती एकदा माझ्या लेकाला हळूच म्हणाली होती. माझ्या कानांना काही झालेलं नाही.

झालंय ते डोळ्यांना, आणि ते किती, हे घरात कोणाला कळू द्यायचं नाहीये. लेकाने मागेच सांगून ठेवलंय, "आई, आम्ही दोघं दिवसभर कामावर. तुझी नजर आणखी अधू झाली, तर तुला ताईकडे राहावं लागेल." ताईकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, माझ्या वाट्याला हॉलमधला सोफा आणि जावयाचा टीव्ही. छे! हे घर मी उभं केलंय, इथून हलणार नाही. म्हणून मी भिंतीला हात लावत फिरते आणि सकाळी वर्तमानपत्र उघडून बसते, अधूनमधून पान उलटते.

आता ही बया एवढ्याशा बाथरूमला काळं फासायला निघाली. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून मी मिळेल त्यावरून भांडले.

"काळ्यावर पाण्याचे डाग दिसतात."

"पुसणार मीच आहे."

"पाहुणे घाबरतील."

"मग लवकर जातील. अहो आई, लहान खोली गडद रंगवली की भिंती कुठे संपतात तेच कळत नाही. मोठी वाटते."

"मला कळायला हव्यात भिंती!" मी ओरडले, आणि जीभ चावली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा रंगांचे नमुने चाळायला लागली.

काम संपल्यावर दोघं मला दाखवायला घेऊन गेली. मी तोंड वाकडं करूनच आत शिरले. डावीकडच्या दगडी भिंतीवरून बोटं फिरवली. "खरखरीत आहे. कोपर सोलून निघेल."

"अंगाने घासत चालायचं नसतं," सूनबाई म्हणाली.

उत्तर तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात बेसिन दिसलं. पांढरं बेसिन त्या काळ्या भिंतीसमोर चक्क दिसत होतं, कडेसकट! जुन्या पांढऱ्या बाथरूममध्ये ते मला हाताने शोधावं लागायचं. वरचा पितळी नळसुद्धा चमकताना दिसला. मला इतका आनंद झाला की अंगात बळ आलं. म्हटलं, आता हिची खोडी काढलीच पाहिजे.

"हे सगळं ठीक आहे," मी कमरेवर हात ठेवून म्हटलं. "पण बेसिनच्या वर नुसती काळी भिंत? एवढी हुशार तू, आणि आरसा लावायला विसरलीस?"



"आई," लेक हळूच म्हणाला, "तू आरशासमोरच उभी आहेस."

मी हात पुढे केला. बोटांना गार काच लागली.

आता सूनबाई टोचून बोलणार म्हणून मी दात आवळून उभी राहिले. ती गप्प. तिच्या गप्प बसण्याचा मला जितका राग आला, तितका त्या काळ्या फरशांचाही आला नव्हता.

"बोल की गं!" मी ओरडले. "एरवी तर जीभ थांबत नाही तुझी!"

तिने माझा दंड धरला. मी झटकून टाकला. लेक कधी बाहेर गेला कळलंच नाही; हॉलमधून त्याचा फोनवरचा आवाज आला, "ताई, जरा बोलायचं होतं. सोफा अजून तिथेच आहे ना गं?"