टिबची भाकर

हेझल आउथ्वेटनं आयुष्यात एकच मोठी थाप मारली, आणि ती नेमकी नकाशावर छापली गेली.

तेव्हा ती अकरा वर्षांची होती. थ्रशगिल गावाच्या वरच्या माळावर ती रानबोरं वेचत होती. तिथे वही घेतलेला एक नकाशेवाला आला आणि समोरच्या भल्यामोठ्या गोल, चपट्या दगडाला काय म्हणतात, असं त्यानं विचारलं. दगडाला कोणी काहीच म्हणत नसे. पण नकाशेवाल्याच्या हातात पेपरमिंटची पुडी होती. हेझलनं बेधडक सांगून टाकलं, "टिबची भाकर."

टिब हे त्यांच्या घरच्या तांबड्या कोंबडीचं नाव. पण ही टिब कोण, असं त्यानं विचारलं, तेव्हा पुडीवरची नजर न काढता हेझलनं कोंबडीची राक्षसीण केली. टिब राक्षसिणीनं ओटच्या पिठाची भाकर भाजली, नवरा म्हणाला दगडासारखी झालीय, म्हणून टिबनं ती दरीपलीकडून त्याला फेकून मारली. हा तोच दगड. नकाशेवाल्यानं सगळं लिहून घेतलं आणि तिला अख्खी पुडी दिली.

पुढे पासष्ट वर्षं हेझल गप्प राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, निवृत्त झाली, नवऱ्याला पोचवलं. तोवर गावात टिबच्या नावाचं चहाचं दुकान निघालं होतं. आणि मग एके दिवशी विद्यापीठातून फिलिपा क्रॉस नावाच्या बाई आल्या आणि गावच्या सभागृहात त्यांनी व्याख्यान ठेवलं. टिब ही हजार वर्षांपूर्वीची धान्याची देवी, भाकर म्हणजे सूर्य, असं त्या पडद्यावर चित्रं दाखवून समजावून सांगू लागल्या.

हेझल तिसऱ्या रांगेत आल्याचा केक खात बसली होती. कोंबडीची देवी झालेली पाहून तिनं केक खाली ठेवला. ती उठली आणि सगळ्यांसमक्ष तिनं सगळं कबूल केलं, पेपरमिंटसकट.

मग मागून वॉल्टर इव्हसन खाकरला. हा ऐंशीच्या घरातला मेंढपाळ. त्याचं म्हणणं, हेझलचा काहीतरी घोटाळा होतोय. भाकर चावताना टिबच्या नवऱ्याचा दात पडला होता, आणि तो दात वॉल्टरच्या आजोबांना त्याच दगडाखाली सापडला होता.

"माझ्या शेगडीवरच्या फळीवर आहे तो," वॉल्टर म्हणाला. "येऊन बघ."

"अरे, तो गारगोटीचा खडा आहे," हेझल म्हणाली. "आणि दात पडला असं मी कधी म्हटलंच नव्हतं."

"तेच तर सांगतोय. तू म्हटलं नव्हतंस, तरी पडलाच ना?"

हेझलनं आधारासाठी शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीकडे पाहिलं. कोंबडी म्युरिएलनंही पाहिली होती. पण म्युरिएल शांतपणे म्हणाली, की टिबची गोष्ट आजी तिला आंघोळ घालताना सांगायची.

"आजी गेली तेव्हा तू दहा महिन्यांची होतीस, म्युरिएल."

"मला सगळं लवकर समजायचं," म्युरिएल म्हणाली. "तुझ्यासारखं नाही."

लोक हसले. क्रॉसबाईंनी मात्र हेझलला फार मायेनं समजावलं. लहान मुलं घरात कानावर पडलेलं विसरतात आणि पुढे त्यांना वाटतं आपणच रचलं, हे नेहमीचंच आहे, असं त्या म्हणाल्या. कोंबडीलाही त्या देवीचंच नाव दिलं असणार. हेझल खाली बसली. आपलीच थाप आपल्यालाच परत मिळत नाही, याचा तिला इतका संताप आला की घरी जाताना ती म्युरिएलशी एक शब्द बोलली नाही.

महिन्याभरानं दगडापाशी लावायच्या पाटीचा मजकूर ठरवायला गावची बैठक भरली. हेझल जाणार नव्हती. तरी गेली, आणि मजकूर ऐकताच ताठ झाली. त्यात लिहिलं होतं, की नवऱ्यानं भाकर टिबला फेकून मारली. क्रॉसबाईंच्या मते अशा जुन्या कथांत दगड फेकतो तो पुरुषच.

"अजिबात नाही," हेझल उठून म्हणाली. "टिबनंच फेकली. डाव्या हातानं. उजव्या हातात उलथनं होतं. आणि नवरा वाईट नव्हता, नुसता तोंडाळ होता."

कोणीतरी भराभर लिहून घेऊ लागलं. क्रॉसबाईंचे डोळे चमकले. डावा हात त्यांनी कुठेच वाचला नव्हता.

"बघा," वॉल्टर सगळ्यांकडे वळून म्हणाला. "अस्सल जुनं रूप हेझललाच ठाऊक. उगाच लाजत होती ती."

हेझलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. खरं सांगावं, तर पाटीवर भाकर नवराच फेकणार. ती तोंड मिटून खाली बसली. बैठकीनं एकमतानं ठरवलं, की टिबविषयी काही शंका आली तर हेझल आउथ्वेटना विचारायचं.

मे महिन्यात पाटी लागली. दोघी बहिणी काठ्या टेकत वर गेल्या. मजकूर बरोबर होता, डाव्या हातासकट. तिथे दोन वाटसरू पाठीवरच्या पिशव्या टेकवून सँडविच खात होते. म्युरिएलनं त्यांना लगेच गाठलं आणि आजीपासून, आंघोळीच्या टबापासून गोष्ट सुरू केली. हेझल दगडाला टेकून चुका पकडायला बसली.

चूक एकही नव्हती. फक्त शेवटी म्युरिएलनं भर घातली. भाकर फेकल्यावर टिबला फार वाईट वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती दरी ओलांडून आली आणि नवऱ्याला घरी घेऊन गेली. भाकर तेवढी इथेच राहिली, कारण ती दोघांनाही उचलेना.

वाटसरू खूश झाले.

"हे कधी सुचलं तुला?" हेझलनं विचारलं.

"सुचलं काय?" म्युरिएल म्हणाली. "आजीच सांगायची."

हेझलनं मान डोलावली आणि क्रॉसबाईंना हेही कळवायचं ठरवलं.